रजा दिलेलं खोकं

जिन्याच्या वळणावर बादली टेकवून ती दम खात होती, तेव्हा वरच्या खोलीतलं भांडण तिच्या कानावर आलं. भांडणारे साले-मेहुणे होते. थोरले ते चष्मेवाले. धाकटे ते मफलरवाले, त्यांचीच बहीण चष्मेवाल्यांना दिलेली.

"सोडून जाणं नंतरचं, दाजी. आधी मागे ठेवणं."

"मला शिकवतोस? आधी माणूस सोडून जातो, मग मागे काय उरायचं ते उरतं."

"जाणारा जाईल हो. मागे राहिलंय त्याचं काय, ते आधी बघा."

"विचार जा तुझ्या बहिणीला, मी कसा आहे ते."

नोकरीला लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. तिने हिशेब केला की चष्मेवाले बायकोला टाकून चाललेत आणि भाऊ बहिणीच्या वाट्यासाठी झगडतोय. दुपारी सुई मागायचं निमित्त काढून ती चष्मेवाल्यांच्या घरी गेली आणि आडून आडून म्हणाली, बाई, मन घट्ट करा. बाई भाजी चिरत होत्या, त्या चिरतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, एका इंग्रजी शब्दावरून चाललंय ते. सात वर्षं झाली. जेवताना पण तेच. हे मला सोडून जायला निघाले ना, तर बॅग मीच भरून देईन."

तर असा तिचा आणि त्या शब्दाचा पहिला परिचय. शब्द होता 'लीव्ह'.

त्या खोलीत कोश तयार व्हायचा. इंग्रजी शब्द एकीकडे, त्याचे सगळे अर्थ आपल्या भाषेत दुसरीकडे, आणि शब्द कुठून आला त्याचं कुळमूळ खाली. जुन्या पुस्तकांत शब्द जिथे जिथे ज्या अर्थाने आला, त्या प्रत्येक जागेची साल घालून एकेक चिठ्ठी, पोस्टकार्डाएवढी. चिठ्ठ्या खोक्यांत, खोकी फळ्यांवर, फळ्या छतापर्यंत. दोघं मेहुणे समोरासमोरच्या टेबलांवर बसत. मधे एक खिडकी, ती उघडायची नाही, कारण वाऱ्याला अक्षर कळत नाही.

तिचं काम झाडणं, पुसणं, चहा आणणं, तयार पानं रस्त्यापलीकडच्या छापखान्यात पोचवणं. खाली हापिस होतं, तिथेही तीच. पहिल्याच दिवशी चष्मेवाल्यांनी तिला एक नियम सांगितला होता की जमिनीवरचा कागद केराचा नसतो. म्हणून ती आधी वाकून कागद वेचायची, डब्यात ठेवायची आणि मग झाडू हातात घ्यायची. त्यावरून तिचं नाव चिठ्ठीमावशी पडलं. खरं नाव पगाराच्या वहीत होतं, तिथेच राहिलं. घरी ती आणि सून, दोघीच. मुलगा दूर कामाला. सासू-सुनेचं पटत होतं, कारण दोघींना भांडायला वेळ एका वेळी मिळायचा नाही.

शाळा तिची दुसरीपर्यंत. इंग्रजी अक्षरं तिने दुकानांच्या पाट्यांवरून आणि हापिसातल्या अर्जांवरून उचलली. खालच्या कारकुनांचे अर्ज साहेबांच्या टेबलावर तीच न्यायची, आणि दर अर्जाच्या डोक्यावर तोच एक शब्द. अर्ज परत आला की कारकून सुट्टीवर जायचा. दहा-पंधरा वर्षांत तो शब्द तिला आपल्या सहीपेक्षा चांगला ओळखू यायला लागला. एल, ई, ए, व्ही, ई. म्हणजे रजा; तोंडाने सगळे रजाच म्हणायचे. भांडणातला 'लीव्ह' तिने नुसता ऐकला होता, लिहिलेला कधी पाहिला नव्हता. हे दोन्ही एकच, असं तिला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायला जायचं तर काय म्हणून जायचं?

मग तिच्या नोकरीच्या सोळाव्या वर्षी खोलीला रंग द्यायचा ठरला. खोकी खालच्या वऱ्हांड्यात काढली. जी रद्दीत जायची ती दाराजवळ ठेवायची, असं ठरलं होतं. रंगाऱ्यांनी शिडी लावायला जागा हवी म्हणून आणखी एक खोकं दाराजवळ सरकवलं. फळीवर भिंतीकडे असायची ती त्याची बाजू आता पुढे आली होती, आणि तिच्यावर जाड शाईने तो शब्द लिहिलेला. मावशीने तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि तिला बरंही वाटलं. इतकी वर्षं राबलेल्या खोक्याला साहेबांनी रीतसर रजा दिली होती. रद्दीवाला आला, तिने ते इतरांबरोबर त्याच्या हातगाडीवर चढवलं. जड होतं. तिने खालून हातही लावला.

रंग वाळला, खोकी वर गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले फळीपुढे उभे राहिले ते उभेच. त्या खोक्यात तेवीस वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या निम्म्या अशा पुस्तकांतून उतरवलेल्या, जी आता पुन्हा मिळायची नव्हती. आणि चष्मेवाल्यांच्या एका डोळ्याने काम सोडलं होतं, दुसरा सोडायच्या बेतात होता. हा एक राहिलेला शब्द झाला की कोशातलं 'एल' हे अक्षर संपणार होतं, आणि ते अक्षर संपेपर्यंत डोळा टिकला पाहिजे, एवढीच त्यांची देवाकडे मागणी. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मफलरवाले रंगाऱ्यांवर घसरले, मग हापिसावर, मग नशिबावर. मावशी दारात आली. चहाचे पेले तिने आधी टेबलावर ठेवले.

"खोकं मी दिलं. त्याच्यावर रजा लिहिलं होतं. मी दिली रजा."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"वाचता आलं म्हणून चुकलं," ते म्हणाले. "येत नसतं तर विचारलं असतंस."

एवढंच. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती तशीच रद्दीवाल्याच्या गोदामात गेली. तो म्हणाला, मावशी, गवताच्या गंजीत सुई हुडकाल, पण इथे कागदात कागद हुडकणार? ती म्हणाली, तू फक्त दिवा लाव. वाचायचा प्रश्न नव्हता. चष्मेवाल्यांचं अक्षर डावीकडे कलायचं, जेवण झाल्यावर कलंडणाऱ्या माणसासारखं. ते तिला दुरून ओळखू येई. दोन दिवसांत दोन तृतीयांश चिठ्ठ्या हाती लागल्या. उरलेला गठ्ठा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने नेला होता. मागची बाजू कोरी, आकार हाताजोगा, गिऱ्हाइकांच्या याद्या लिहायला बरा. त्याच्याकडून त्या परत आल्या, पण एका अंगाला साखर, साबण आणि काड्यापेटी घेऊन. काही गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या होत्या. ती घरंही तिने पालथी घातली. एका बाईने चिठ्ठी तान्ह्या लेकराच्या मुठीतून सोडवून दिली, ओली होती.

मोजून एकेचाळीस मिळाल्या नाहीत.

आलेल्या चिठ्ठ्यांचा क्रम गेला होता. टेबलावर त्या मावेनात, म्हणून मावशीने खोलीची जमीन लख्ख पुसली आणि मफलरवाल्यांनी चिठ्ठ्या पुस्तकांच्या सालाप्रमाणे मांडायला घेतल्या. सगळ्यांत जुनी दारापाशी, नवी खिडकीकडे. एका शब्दाच्या इतक्या चिठ्ठ्या एका वेळी कोणीच पाहिल्या नव्हत्या, तेवीस वर्षं त्या खोक्यात एकावर एक बसलेल्या. मावशी उंबऱ्यापाशी बसून एकेक चिठ्ठी हातात देत होती आणि विचारत होती की रजा कुठली आणि भांडण कुठलं.

मफलरवाल्यांनी सांगितलं. शब्द दिसायला एक, पण आहेत दोन. रजा म्हणजे परवानगी, ती वेगळ्या घरची. तिचं नातं प्रेमाच्या, आवडीच्या शब्दाशी. वरचा माणूस खूश होऊन 'जा' म्हणतो, ती रजा. दुसरा शब्द क्रियापद, त्याचं नातं जगण्याशी, चिकटून राहण्याशी. शेजारी राहून राहून दोघांचे चेहरे सारखे झाले.

"नवरा-बायकोसारखे," मावशी म्हणाली.

"आणि भांडण ह्या दुसऱ्याचं. ह्याचा पहिला अर्थ निघून जाणं की मागे ठेवणं."

"त्यात भांडायचं काय? आपल्यात नाही का, जाणारा माणूस दारात उभा राहून 'येतो' म्हणतो. इंग्रजांचं पण तसंच काही असेल. बोलायचं एक, करायचं एक."

चष्मेवाले काठी टेकत दारापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि एकच डोळा लावून पहिली ओळ वाचायला लागले. ठेवणं. मागे ठेवणं. मुलांसाठी शेत ठेवून जाणं. राहू देणं. दहा, पंधरा, वीस चिठ्ठ्या. निघून जाणारा पहिला माणूस थेट खोलीच्या मध्यावर उभा होता, टेबलाच्या पायापाशी. त्याच्या पाठीवर साबण लिहिला होता.

त्यांनी ती चिठ्ठी उचलून डोळ्याजवळ नेली, पुन्हा जागेवर ठेवली. मग ते म्हणाले, "हरवलेल्या एकेचाळीस सापडल्या असत्या तर कदाचित..."

"दाजी."

"बरं. लिही. आधी मागे ठेवणं."

मफलरवाल्यांनी लिहिलं. जिंकल्याची खूण चेहऱ्यावर दिसू दिली नाही. पण त्या दिवशी त्यांनी मेहुण्याला घरापर्यंत सोडलं आणि तिथेच जेवले. बाईंनी दुसऱ्या दिवशी मावशीला बोलावून सांगितलं की तेवीस वर्षांत पहिल्यांदा जेवताना भाजीबद्दल बोलणं झालं.

त्या शब्दाची पानं तयार व्हायला आणखी चार महिने लागले. डोळा तोवर टिकला. शेवटची तपासणी चष्मेवाल्यांनी भिंग घेऊन केली, जिथे थांबले तिथे मफलरवाल्यांनी मोठ्याने वाचलं. मावशीचे गुडघेही जिन्याला कंटाळले होते. महिनाअखेर ती काम सोडणार हे ठरलं होतं, हापिसाने कागद काढला होता. छापखान्यात न्यायचं पुडकं तिच्या शेवटच्या दिवशीच बांधून झालं.

तिने ते पदराखाली घेतलं, रस्ता ओलांडला. छापखान्यातल्या माणसाचे हात शाईने भरलेले. तो म्हणाला, तिथे टेबलावर ठेवा मावशी, मी मागाहून मोजतो.

ती पुडकं हातातच धरून उभी राहिली. त्याने हात पुसले. पानं तिच्यासमोर मोजली, एकोणीस. एका पानाचा कोपरा दुमडला होता, तो तिने अंगठ्याने सरळ केला. त्याने पोचपावतीवर सही केली. तिने ती वाळेपर्यंत फुंकली, घडी घातली आणि वर द्यायला निघाली.