कन्हानच्या खिडकीतला ओटीपी

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी लॅपटॉप काखोटीला मारून कन्हानला तिच्या घरी मुक्काम ठोकला. शहरातल्या आमच्या ऑफिसनं घरून काम करायची परवानगी दिली होती, पण व्हीपीएनमधूनच. म्हणजे आधी पासवर्ड टाकायचा, मग मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, तेव्हा कुठे ऑफिसचं नेटवर्क उघडणार. ओटीपी मिनिटभरात बाद होतो, आणि तो कोणाला कळू द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद.

ऑपरेशन उत्तम झालं होतं. आता फक्त चालायचं होतं, आणि आई चालत नव्हती. धरून उभी केली की उभी राही. हात सोडला की "पडते गा मी" म्हणून खाटेवर बसे. नव्याकोऱ्या वॉकरवर तिनं टॉवेल वाळत घातला होता.

त्यात घराची गंमत अशी, की इंटरनेटची वायर आतल्या खोलीत आणि मोबाइलची रेंज समोरच्या खोलीत, तीही आईच्या खाटेलगतच्या खिडकीतच. मी ओटीपी पाहायला बाहेर धावायचो आणि घाईत मोबाइल तिथंच ठेवून आकडे पुटपुटत आत येईपर्यंत शेवटचे दोन विसरायचो. आईनं दोन दिवस हा तमाशा पाहिला.

"तू बस तिथंच. मी वाचते ना!"

मग काय! टिंग वाजलं की शेताच्या दुसऱ्या टोकाच्या गड्याला हाक मारावी तशा आवाजात ती सुरू व्हायची, "चाऽर! साऽत! शून्य!" अख्खी गल्ली ऐकायची. शेजारच्या काकू अंगणातून विचारायच्या, "आज लवकर आला वं तुमचा नंबर?" खाटेवरची आई कामाला लागली होती. मला आवडत होतं ते.

एके दिवशी नेटवर्क काही उघडेना. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला लॅपटॉपवरून कॉल लावला. तेवढ्यात बाहेर आईची घोषणा झाली आणि पाठोपाठ काकूंचा आवाज, "शेवटी नऊ म्हटलं का सहा?"

तो म्हणाला, "सर, ओटीपी कोण ओरडून राहिलं?"

"आई."

"आन् दुसऱ्या?"

"शेजारच्या काकू."

"सर, आज मी काही ऐकलं नाही. पण पुन्हा ऐकू आलं तर तुमचं बंद करा लागन. मंग ऑफिसातच या."

ऑफिसात जायचं म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आई त्या खाटेवर एकटी. मी तिला सगळं समजावलं.

"म्हणजे मी चोर?"

"तसं नाही वं आई. तुझा आवाज कामठीपर्यंत जाते. हा नंबर आपल्या दोघांतच राहिला पाहिजे. उद्यापासून मीच येत जाईन."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाकला. बाहेर टिंग वाजलं. मी उठणार, तोच आवाज आला. खट. मग पाय घासल्याचा. पुन्हा खट.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण नुसतं बसून राहण्याइतकं अवघड काम कधी केलं नव्हतं.

दारात वॉकर दिसला, मग आई. मोबाइल कमरेला खोचलेला. घामाघूम. जवळ येऊन तो काढला, चष्मा सावरला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकून कुजबुजत एकेक आकडा सांगितला. मी टाकला.

"बाद झाला, आई."

"इतक्यात? काय घाईचं ऑफिस हाये तुमचं!" तिनं मोबाइल पुन्हा कमरेला खोचला आणि वॉकर वळवला. "दुसरा मागव. आणते मी."

पुढे पुढे ती वेळेत पोहोचू लागली. तेव्हापासून माझी बोटं मात्र फार मंद झाली. सातचं बटण शोधायलाच मला अर्धं मिनिट लागायचं.

"मुद्दाम करून राहिला न तू?" तिनं एकदा विचारलं.

"नाही वं."

"खोटारडा," ती म्हणाली आणि खिडकीकडे निघाली.