मामांनी पास केलेलं मशीन

परमेश्वराने हे जग थेट वापरात न आणता आधी आमच्या मामेसासऱ्यांकडे तपासणीला पाठवलं असतं, तर निम्मं तरी परत गेलं असतं. डास, मूळव्याध आणि मे महिना तर नक्कीच. मामा साताऱ्याकडून भोसरीला आले आणि एका कारखान्यात त्यांनी जन्मभर एकच काम केलं: बाहेरून आलेला माल तपासायचा आणि त्यावर गोल स्टिकर चिकटवायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड, आणि लाल म्हणजे रिजेक्ट. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना गणपतीची चांदीची मूर्ती दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही दर्शनाला गेलो तर मूर्तीच्या चौरंगाला खालून पिवळा स्टिकर होता. "मूर्ती झकास हाय," मामा म्हणाले, "चौरंग एका बाजूनं हलतोय." नोकरी गेली तरी स्टिकरांची तीन रिळं गोळ्यांच्या एका जुन्या डब्यात घालून ते बरोबर घेऊन फिरत. डब्यात त्यांची जागा ठरलेली होती. डावीकडे हिरवं, मधे पिवळं, उजवीकडे लाल.

भाजी घ्यायला गेले की मामा वरची गवार कधी घ्यायचे नाहीत. पाटीच्या तळात हात घालून चार शेंगा काढायच्या, मोडून बघायच्या आणि त्यावरून पाटीचा निकाल लावायचा. एकदा त्यांनी एका भोपळ्याला लाल स्टिकर लावला. भाजीवाल्या मावशीही खमक्या होत्या. त्यांनी तो स्टिकर सोलून मामांच्याच पिशवीला लावला आणि म्हणाल्या, "मामा, आता तुमी पुढच्या गाळ्यावर जावा." मामा खूश झाले. बाईंना काम समजतं, असं घरी येऊन दोनदा सांगितलं.

माझ्या बायकोला तिच्या वडिलांच्या माघारी मामांनीच वाढवलं. त्यामुळे आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी एकीकडे राहिली आणि तपासणी माझी झाली. पगार, पगारातून काय जातं, तंबाखू, चष्म्याचा नंबर, सगळं विचारून झाल्यावर मामांनी माझा बायोडाटा उलटा केला आणि मागे पिवळा स्टिकर लावला. "माल वाईट न्हाई," ते माझ्या आईला म्हणाले, "पण पुन्यांदा बघावा लागंल." लग्न झालं, बारा वर्षं गेली, पुन्हा बघणं काही झालं नाही. तो कागद बायकोच्या कपाटात आहे आणि भांडण झालं की बाहेर निघतो.

चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून मी भोसरीत इंटरनेटचा छोटा धंदा सुरू केला. भाड्याच्या खोल्या, वर्कशॉपं, काही जुन्या सोसायट्या, एवढाच माझा पसारा. फायबरच्या सगळ्या तारा ज्या एका मुख्य मशीनमधून निघून घराघरांत जातात, ते माझं जुनं मशीन या उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमाराला मान टाकायला लागलं. दोन वाजून पाच मिनिटांनी माझा फोन सुरू व्हायचा. "राव, मीटिंग चालू होती!" "भाऊ, तुमचं नेट आहे का नुसतीच तार आहे?" त्यातच एका बड्या कंपनीची पोरं गल्लीत पत्रकं वाटून गेली. आता नवं मशीन चुकीचं घेतलं असतं, तर गिऱ्हाईक राहिलं नसतं आणि मला परत चाकणला शिफ्टसाठी उभं राहावं लागलं असतं.

दोन विक्रेत्यांनी दोन मशीनं आठवड्यासाठी चाचणीला दिली. एक काळं, चकचकीत, पुढे छोटा पडदा असलेलं. दुसरं करड्या रंगाचं, साधं, सरकारी कचेरीतल्या कपाटासारखं. माझं मन काळ्यावर बसलं होतं. बायको म्हणाली, "मामांना दाखवा." मामांना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बुडत्याने काडी पारखायची नसते. मी दोन्ही मशीनं त्यांच्या गॅलरीत मांडली. समोर ग्राइंडिंगचं वर्कशॉप, वरून पत्रा, म्हणजे धूळ आणि ऊन दोन्ही फुकट. मामांच्या मजल्यावरची चार-चार घरं मी दोन्हींना जोडून दिली.

काळ्या मशीनचा विक्रेता टाय लावून आला. मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला.

"पंखा बंद पडला तर बदलायला किती स्क्रू काढायचे?"

"काका, आमचा पंखा बंद पडतच नाही."

"मग तुमच्यात तो बदलाय कुणाला येत नसणार," मामा म्हणाले आणि त्याला सरबत दिलं.

आठवडाभर मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. दुपारी दोनला मशीनच्या पाठीवर पालथा हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटून पंखा ऐकायचे. मधेच वायर उपटायचे. करड्याला वीज घ्यायच्या दोन जागा होत्या, एक काढली तरी ते चालू राहायचं. काळं बसायचं आणि उठायला पाच मिनिटं घ्यायचं. "ह्येचा पंखा कण्हतोय," मामा म्हणायचे. मला काहीच ऐकू यायचं नाही. हाताने आणि कानाने माल ओळखणारा असा माणूस आता होणे नाही, असं मी चार जणांना सांगितलंसुद्धा.

सातव्या दिवशी मामांनी डबा मागवला. देताना तो माझ्या हातून सुटला आणि रिळं गडगडत खुर्चीखाली गेली. मी ती गोळा करून जशी हाती आली तशी डब्यात भरली. मामांनी करड्या मशीनवर हात ठेवला. "हेच घ्या, जावईबापू. एक नंबर माल हाय." मग डब्यात डावीकडे बोटं घातली, एक स्टिकर सोलला आणि मशीनच्या कपाळावर दाबून बसवला.

स्टिकर लाल होता.

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. पण तपासणीत थट्टा करणं मामांच्या रक्तात नव्हतं. मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. अलीकडे ते बसचा नंबर दुसऱ्याला विचारायचे. पेपर "तूच वाच गं" म्हणून भाचीकडे सरकवायचे. किती दिवस मामा रंग बघत नव्हते, नुसती जागा चाचपत होते, आणि मी त्याला कसब म्हणत होतो.

"नीट बसला का?" मामांनी विचारलं.

"बसला, मामा. अगदी मधोमध."

मी स्टिकर सोडून मामांच्या हातावर विश्वास ठेवला आणि करडंच घ्यायचं ठरवलं. मामांनी त्याच रिळातला आणखी एक स्टिकर काढला, माझा खिसा चाचपला आणि त्यावर लावला. "बारा वर्षं होल्डवर ठिवलं तुमास्नी. आज माझं ऐकायला आलात. झालं, पास."

करडं मशीन अख्खा उन्हाळा हूं की चूं न करता चाललं. तारांच्या दुरुस्तीला जो येतो तो विचारतो, "साहेब, रिजेक्ट माल चालवताय?" मी म्हणतो, आमच्याकडे पासचा रंग हाच आहे. मामांना आम्ही काहीतरी निमित्त काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्याचा पडदा खराब झालाय. गेलं ते येणार नाही, आहे ते जपायचं, असं डॉक्टर म्हणाले. "डाक्टर बरा हाय," मामा बाहेर येऊन म्हणाले, "खुर्ची करकरतीय." स्टिकरचं आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मशीन पास झालं त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा बायकोने दार उघडलं आणि माझ्या खिशाकडे बघून हसायला लागली. "शेवटी रिजेक्ट केलं ना मामांनी?"

"पास केलं," मी म्हणालो, आणि काय झालं ते सांगितलं. मग तिने कपाटातून तो बायोडाटा काढला, माझ्या खिशावरचा लाल स्टिकर नखाने अलगद सोडवला आणि पिवळ्याच्या शेजारी लावून वरून अंगठ्याने दाबला. तेव्हापासून तो कागद भांडणात कधी निघाला नाही.