ढवळी की चांदी

विहिरीच्या कडेला उकिडवं बसायचं, टेप आत सोडायचा, वर ओढून ओली खूण बघायची आणि मग मान उचलून आभाळाकडं बघत म्हणायचं, "अजून एक पावसाळा बघू." आमचे भूगोलाचे सर आठवले की असेच आठवतात.

पाण्याबद्दल विचारणाऱ्याला ते हे म्हणायचेच, पण स्टाफरूममध्ये कुणी "सर, ही खटारा स्कूटर कधी बदलणार?" म्हणून छेडलं तरी उत्तर तेच. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. चांगली असतात, लई चांगली असतात, आणि जीव खातात.

सरकारच्या पैशातून त्यांना संशोधनाचं काम मिळालं होतं. तामलवाडी आणि आसपासच्या गावांतल्या विहिरींचं पाणी वर्षागणिक किती खाली चाललंय ते मोजायचं. मी कॉलेजची ग्रंथपाल. अशा कामाच्या नोंदी शेवटी संकेतस्थळावर टाकायचं काम माझ्याकडं. नियम सरळ होता. पैसा लोकांचा, तेव्हा माहिती लोकांना खुली करायची. मात्र कुठली विहीर कुणाची, हे जगाला कळता कामा नये.

म्हणून सरांनी विहिरींना टोपणनावं दिली. आणि कसली, तर त्यांच्या आजोळच्या गाई-म्हशींची! ढवळी, चांदी, मोरी, कपिला. एकदा वरच्या ऑफिसातून मला फोन आला, "मॅडम, पाण्याच्या प्रकल्पात जनावरं कशी काय आली?" मी सरांकडं बघितलं. ते चहात बिस्कीट बुडवत गालात हसत होते.

"सर, कुठली कुणाची, एवढं तरी लिहून ठेवा की."

त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "हितं हाय ना. कुठं जातंय?"

हा काही नुसता विक्षिप्तपणा नव्हता. पूर्वी एकदा हॉटेलात चहा पिता पिता त्यांनी कुणाच्या तरी विहिरीचा आकडा सहज बोलून दाखवला, आणि त्या माणसाच्या जमिनीचा ठरलेला सौदा मोडला. तेव्हापासून सरांनी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

तामलवाडीच्या सुगराचाचींना मात्र त्यांच्या विहिरीचं कळायलाच हवं होतं. मुलगा पुण्याला कंपनीत. तो म्हणायचा, पाणी टिकणार असेल तर गावी येतो, द्राक्षाची बाग लावतो. नाहीतर इकडंच घर घेतो. बाग काही एका वर्षापुरती नसते, आणि विहीर डोळ्याला दरसाल सारखीच दिसते. सर मोजायला गेले की चाची कडेला येऊन उभ्या. मीही एकदा सोबत होते.

"सर, पानी उतरतंय का ऱ्हातंय, निस्तं एवढं सांगा. पोराला कळवायचंय."

"चाची, मी सांगतो आन् ते चुकलं, तर पोरगं हातची नोकरी सोडून येऊन बसंल. अजून एक पावसाळा बघू."

नोंदी खुल्या करायची मुदत संपली. सरांनी ती वाढवून घेतली. तीही संपली, पुन्हा वाढवून घेतली. मी मागं लागले की म्हणायचे, "कच्चं कशाला वाढायचं लोकांच्या ताटात?" अहो, पण लोक ताट घेऊन किती वर्षं बसणार? शेवटी एकदाचे कबूल झाले. "ह्या दिवाळीला सगळं देतो, मॅडम. चाचीला तर सोता जाऊन सांगणार."

श्रावणातल्या एका सकाळी सर झोपेतून उठलेच नाहीत.

त्यांच्या संगणकातल्या नोंदी मी संकेतस्थळावर टाकल्या. आता जगात कुणीही त्या उघडून बघावं. नियमाला कुठं बोट ठेवायला जागा नाही. तामलवाडीच्या म्हणून दोनच विहिरी आहेत. ढवळीचं पाणी दरसाल खाली चाललंय, चांदीचं टिकून आहे. कुठली कुणाची, ते सर बरोबर घेऊन गेले. मी त्यांच्या जागी आलेल्या नव्या सरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्हींचे शेवटचे आकडे इतके जवळ आहेत की आज मोजून ओळखता येणार नाही. पुन्हा मोजत राहावं लागेल, मग कदाचित.

सरांची आठवण आली की आधी राग येतो. मग वाटतं, त्या माणसाला कुणाचं म्हणून नुकसान करायचं नव्हतं हो.

परवा सुगराचाची एसटीनं कॉलेजात आल्या. "सर गेले. अल्ला त्यांना जन्नत देवो, लई भला मानूस," म्हणाल्या आणि माझ्या टेबलाशी बसल्या. मी पडद्यावर दोन्ही विहिरी दाखवल्या. चाची खुर्ची पुढं ओढून बघायला लागल्या.

"एवढी वर्षं माझ्या हिरीत टेप सोडायचे, आन् माझ्या हिरीचं नाव मलाच ठाव न्हाय."

त्यांनी चांदीच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"पोरगं म्हनतंय, ह्या म्हैन्यात काय ते सांग, न्हायतर हितंच घर घेतो. चांदी आमचीच हाय, असं धरू का, मॅडम?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण म्हणणार कुठल्या तोंडानं? नव्या सरांनी सांगितलं होतं तेच सांगायला तोंड उघडलं.

"चाची, अजून एक पावसाळा बघावा लागंल."

चाचींनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमी बी?"