आरशावरची टिकली

अंदमानला लेकीसोबत समुद्राखाली उतरायचं मी कबूल केलं होतं, म्हणून आम्ही डायव्हिंगचा मास्क घ्यायला दुकानात गेलो.

"दीदी, पट्टा मत लगाओ. नाक से साँस खींचो, अपने आप चिपकना चाहिए," दुकानदार म्हणाला.

लोकांसमोर मला लाज वाटत होती. तीन मास्क गळून पडले. वाटलं, आपलं जाणं राहिलं.

लेक हसली. "मम्मी, तुम्हारी टिकली!"

जाड खड्यांची टिकली मास्कच्या कडेखाली येत होती आणि फटीतून हवा शिरत होती. लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या, पुरानी बस्तीच्या तलावात बुडी मारण्याआधी आई टिकली घाटाच्या दगडावर चिकटवायची आणि मला राखणीला बसवायची.

मी टिकली दुकानाच्या आरशावर लावली. आईचेच शब्द तोंडून निघाले, "ध्यान ठेवजो वं पोट्टे."

"हव," लेक म्हणाली.

श्वास ओढला. मास्क चिकटला.