पंधरा पावलांवरची बदली

कंपनीत सगळे तिला ताई म्हणत. काम अडलं की साहेबसुद्धा. पार्सलं पोचवणाऱ्या त्या भल्यामोठ्या कंपनीत अकरा वर्षं ती एकच प्रोग्रॅम सांभाळत होती. लोकांनी कसेही खरडलेले पत्ते वाचून पार्सल योग्य गोदामाकडे धाडायचं, हे त्याचं काम. तो बिघडला की ड्यूटीचा फोन वाजायचा, आणि तो फोन कायम तिच्याच पर्समध्ये. जेवताना वाजला, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत वाजला, लेकीच्या शाळेतल्या नाटकात तर ऐन तिच्या वाक्याला वाजला. लेक आठवडाभर बोलली नव्हती.

शेवटी वैतागून ताईनं नकाशांच्या टीमकडे बदली मागितली. ती टीम बसायची पाण्याच्या मशीनपलीकडे, मोजून पंधरा पावलांवर, आणि तिथे असला फोन नव्हता. एचआरनं कळवलं : बाहेरच्या उमेदवारासारख्याच चार फेऱ्या द्याव्या लागतील.

"तू तिथेच काम करतेस ना?" वडिलांनी विचारलं. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला.

"हो, बाबा."

"मग मुलाखत कसली?"

"मला काम येतं का, ते बघायला."

"मग अकरा वर्षं काय बघत होते?"

ताईनं मुकाट मुलाखतीचा अर्ज भरला.

पहिली फेरी घ्यायला आला नकाशांच्या टीममधला चष्म्या. नवखा होता तेव्हा त्याला हाताला धरून तिनंच शिकवलेलं.

"आपली ओळख करून द्या," तो कागदात बघत म्हणाला.

"अरे, दोन वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस की!"

"ताई, प्लीज. सगळं लिहून पाठवावं लागतं."

तिनं मुकाट्यानं ओळख करून दिली. दुसऱ्या फेरीत कोडं होतं, शंभर लिफ्ट असलेल्या इमारतीचं. असली इमारत बांधणाऱ्यालाच आधी धरा, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि उत्तर लिहिलं. बरोबर लिहिलं.

तिसरी फेरी स्क्रीनवर, दुसऱ्या ऑफिसमधल्या एका बाईंसोबत. गप्पा रंगल्या असतानाच फोन वाजला. सकाळपासूनची निम्मी पार्सलं एकाच घराकडे निघाली होती. एका निवृत्त नर्सबाईंच्या दारात सदतीस खोकी येऊन पडली होती आणि त्यांना दार उघडता येत नव्हतं.

"माफ करा, मला जावंच लागेल," म्हणत ताई धावली. सव्वीस मिनिटांत चूक सापडली, पार्सलं मार्गी लागली. घामाघूम होऊन परतली तर स्क्रीनवर कुणीच नव्हतं.

दोन दिवसांनी नकाराचा मेल आला. खाली शेरा : 'उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून गेली. गांभीर्याचा अभाव.'

तो वाचतेय तोच साहेब खुर्चीशी आले. "ताई, नकाशावाल्यांचा नवा माणूस पंधरा दिवसांनी येतोय. पत्त्यांचं सगळं त्याला तुम्हीच समजावा. तुमच्याशिवाय कोण?"

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! ताईनं पर्समधून ड्यूटीचा फोन काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"आजपासून आळीपाळीनं. तुम्हाला धरून पाच जण आहोत, पाच आठवडे. पहिला तुमचा."

"असं नियमात नाही, ताई."

"मग मी मुलाखत सोडून का गेले, ते लेखी द्या. शेरा लेखी आहे ना?"

साहेबांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लेखी काही दिलं नाही. पण फोनही परत केला नाही. त्या आठवड्यात तो नऊ वेळा वाजला. पुढच्याच आठवड्यात, तीन वर्षं अडकून पडलेली प्रोग्रॅमच्या दुरुस्तीची मंजुरी एका दिवसात आली. डोक्यावर मिऱ्या वाटल्याशिवाय इथे कुणी जागं होत नाही, असं ताई घरी म्हणाली, आणि हे तीन वर्षांपूर्वीच का केलं नाही म्हणून स्वतःवरच चिडली.

बदली झाली नाही ती नाहीच. पंधरा दिवसांनी नवा माणूस आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? तिनं खुर्ची ओढून दिली.

"तुमच्या फेऱ्या कशा झाल्या?" तिनं विचारलं.

"दोनच झाल्या. तिसरी घेणाऱ्या बाई रजेवर होत्या, म्हणाले राहू दे."

ताईनं पत्त्यांची फाईल उघडली. मग पाचपर्यंत त्याला पत्ते समजावले आणि पाचच्या ठोक्याला घरी जायला उठली.