विमानाच्या अंगावरचा अर्धा गोल

जुन्या विमानाची छोटी प्रतिकृती जोडायला मला चार रविवार पुरतात. तिच्या अंगावर कुठल्या देशाचं निशाण, कोणत्या रंगात, किती मापाचं, हे ठरवायला कधी कधी वर्ष जातं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर हातात असलेला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घरी जुन्या फोटोंवर चालतो. मापात बसल्याशिवाय रंगाची डबी उघडायची नाही, हा माझा नियम. बायकोच्या मते हा आजार आहे.

गेल्या श्रावणात कारखान्यातल्या एका सहकाऱ्यांनी मला एक फोटो दिला. ते बदलापूर गावातले, जुन्या शेतकरी घरातले. फोटो पत्त्याच्या पानाहून लहान. त्यात विमानाची एक बाजू, तिच्यावर काळा गोल, आणि गोलाशी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस.

"माझे थोरले काका," सहकारी म्हणाले. "महायुद्धात विमानदलात रंगारी होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला. शेवटच्या पत्रातून हा फोटो आला. पुढे काहीच नाही."

"पाठीवरून कसं ओळखलं?"

"आत्या ओळखते. त्यांचा डावा खांदा उतरलेला होता म्हणे."

काळा गोल म्हणजे जपानी निशाण, असं गावात कोणीतरी तेव्हाच सांगितलं आणि काका जपान्यांना जाऊन मिळाले असं ठरलं. त्यांच्या आईने ते धरून ठेवलं, कारण तिकडे गेला म्हणजे जिवंत आहे. जिवंत माणसाला सर्वपित्री अमावास्येला पान वाढत नाहीत. तिने कधी वाढू दिलं नाही. तिच्यानंतर तिच्या मुलीनेही नाही. ती मुलगी म्हणजेच ही आत्या, आता नव्वदीच्या पुढची.

रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हातारी खाटेवर बसून वाटच बघत होती.

"बाला, इमान आपलं हाय का त्यांचं, येवढंच सांग," ती म्हणाली. "आपलं असंल तर तो तिकडं गेलाच नाय. तो मेला. मंग त्याला पान वाढाया पायजे. ऐंशी वरसं उपाशी ठेवलाय."

"आणि त्यांचं असलं तर, आजी?"

"तर आयचं खरं. पान नाय वाढायचं. पन यंदाच मिटव. मी गेल्याव त्याला वळखनारा कोन नाय."

सहकारी हसले. "आत्या, काका असले तर शंभरी पार केली असेल त्यांनी."

"मंग? तुझ्याकडं औषधाला पैसं मागितलं का त्यानं?"

घरी येऊन मी फोटो स्कॅन करून मोठा केला. गोल एका रंगाचा नव्हता. उजवा भाग काळाकुट्ट, डावा राखाडी, आणि राखाडीच्या पोटात एक फिकट अर्धगोल. त्या काळच्या पुष्कळशा फिल्मवर लाल रंग काळा उमटे आणि निळा उजळ. म्हणजे उजवीकडे जपानचा लाल गोल. डावीकडे आपल्या बाजूचं, तेव्हा इंग्रजांच्या हाताखालचं, गडद निळ्यात फिकट निळा असं निशाण. त्यातला मधला लाल त्या आघाडीवर मुद्दाम काढून टाकला होता, जपानी गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून. इथे दोन्ही निशाणं एकाच वर्तुळात होती. बाहेरची कड मी सहा वेळा मोजली, दोन्हीकडे एकच. काकांच्या हातात ब्रश होता.

पकडलेल्या जपानी विमानावर आपलं निशाण चढवताना काढलेला फोटो, असं मी समजलो आणि लगेच सहकाऱ्यांना फोन केला. "विमान आपल्या ताब्यातलं आहे. काका आपल्याच बाजूला होते."

फोन ठेवल्यावर भानावर आलो. कोणता रंग वर आणि कोणता खाली, हे मी बघितलंच नव्हतं. निळ्यावर लाल चढत असेल, तर विमान मुळात आपलं, पकडणारे जपानी, आणि काका त्यांच्यासाठी रंगवत होते. आयुष्यात एकदा न मोजता बोललो, तेही एका माणसाच्या मरणाबद्दल.

मग प्रतिकृतीच्या पत्र्यावर तेच काम करून बघायचं ठरवलं. आधी पूर्ण लाल गोल, त्यावर पूर्ण निळा. रंग मी उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या दुकानातून घेतो. दुकानदार सिंधी, वयाने माझ्याएवढा. "साईं, लाल के ऊपर सीधा नीला मत मारना," तो म्हणाला. "लाल ऊपर आता है. बीच में सिल्वर मारो."

मी मध्ये चंदेरी हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्यातून लाल वर आलेला होता, पण फक्त उजव्या भागात. डावा भाग स्वच्छ निळा होता. खरवडून पुन्हा रंगवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चंदेरीचे दोन हात दिले. सकाळी लाल आणि निळा यांमधल्या रेषेवर कोनमापक ठेवला. उभ्यापासून एकोणीस अंश. फोटोतली रेषा मोजली. एकोणीस.

"सिल्वर के ऊपर नहीं आता," दुकानदार म्हणाला. "घर में किसी ने हाथ लगाया होगा."

"त्या टेबलाला हात लावायची कोणाची हिंमत आहे?" बायको म्हणाली. नंतर तिने त्या खोलीत वाळत घातलेले कपडे काढून गॅलरीत टाकले.

मला कारण सापडलं नाही. पण फोटोतली ती रेषा मोजताना मला एक ओघळ दिसला. केसाएवढा, राखाडी, काळ्या भागावर उतरलेला. ओघळतो तो ओला रंग. म्हणजे निळा वर, लाल खाली. घाईत सांगितलेलं उत्तर बरोबर निघालं होतं.

तरीही अमावास्येच्या आधी बदलापूरला जाऊन मी म्हातारीला सगळं सांगितलं. न बघता केलेला फोन, ओघळ, आणि माझ्या टेबलावर तीनदा वर आलेला लाल रंगही.

"मोजलंस ते सांग," ती म्हणाली. "मोजलेलं काय हाय?"

"विमान आपल्या बाजूने पकडलेलं, आजी. काका तिकडे गेले नव्हते."

"मंग झालं. न मोजलेलं माझं मी बघते."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आपण एका माणसाला आत्ता मारून आलो, असं परतताना वाटत राहिलं.

सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. पितरांच्या पानांत यंदा एक पान वाढलं होतं. म्हातारीने ते स्वतःच्या हाताने वाढलं, दोघांनी तिला धरलं होतं. मग उघड्या दाराकडे बघून तिने भावाला हाक मारली, लहानपणच्या नावाने. "ये, जेव आधी. र्‍हायलेला रंग मंग दे."

आम्ही पंगतीला बसलो. सात जण होतो, सवयीने मी मोजले होते. घरची सून भात वाढत आली. सातव्याला वाढून ती दाराशी गेली, वाकली, रिकाम्या फरशीवर एक मूद वाढली आणि आत वळली. सहकाऱ्यांनी हळूच विचारलं तेव्हा ती गोंधळली.

"पाठ करून बसले होते ना कोणीतरी? पान द्यायचं राहिलं का त्यांना?"

म्हातारीने खाटेवरून तेवढंच विचारलं, "पोटभर वाढलंस ना?"