भुताच्या झाडाची चिंच

कटंगीच्या आठवडी बाजारात चिंच विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या गावानं तिला एक नाव देऊन ठेवलं होतं, टोनही, म्हणजे चेटकीण. लोक तिची चिंच घ्यायचे, पण तिच्या हातून नाही. म्हणून ती चिंच पळसाच्या पानावर ठेवून काडीनं गिऱ्हाइकापुढे सरकवायची. ओरडायची मात्र ठणकावून, "भूतवाली चिंच, टोनहीच्या हातची." मला ते ऐकायला फार आवडायचं.

ज्या झाडाखालून गाव दिवसाही जात नव्हतं, त्यावर ती नवरा गेल्यावर पोटासाठी चढली होती. भीती नाही वाटली? मी विचारलं.

"वाटली न. पण वर भूत काही दिसलं नाही. खाली लोकं दिसले, मी कवा पडते ते पाहून राह्यलते."

गेल्या बाजारी तिच्याच गावची एक म्हातारी पोटुशी असलेल्या सुनेला घेऊन आली. सुनेला याच चिंचेचे डोहाळे लागले होते. बाईनं सवयीनं काडी उचलली. सुनेनं पानाकडे पाहिलंच नाही, सरळ तळहात पुढे केला. सासूचा चेहरा उतरला. बाईनं हातावर ठेवलेली चिंच सून तिथंच उभ्यानं खाऊन म्हणाली, "अजून दे न, मावशी."

बाईनं काडी मोडून टाकली आणि चिंचेचं एक बुटुक म्हातारीपुढे धरलं. "तू बी घे न, माय."

म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला आणि भरबाजारात हात पुढे केला.